उतार

या चर्चला मी वरून ओळखतो.
बाकीचे दारातून येतात, मान उंच करून कमानी बघतात.
मी पाख्यावर पालथा, घोरपडीसारखा,
एक कौल सरकवून खाली बघतो:
बाकं, बाकांमधली वाट,
एलीशाकाका खरातांचा झाडू
आणि झाडूच्या पुढं पुढं पळणारा उजेड.

अख्ख्या जालन्यात असला उतार दुसऱ्या छपराला नाही.
अब्बा म्हणायचे, ज्या गोऱ्यानं नकाशा काढला
त्याच्या गावाला आभाळ दहा महिने गळतं.
त्यानं इथं बसून तिथला पाऊस मोजला.
आमचं आभाळ वर्षाकाठी पंचवीस दिवस कामावर येतं,
तेही हजेरी लावून निघून जातं.
मग ह्या उभ्या उतारावर वानरं घसरगुंडी खेळतात,
कौलं फोडतात.
माझी चूल त्यांच्यावर.

भिंती आपल्या. कुंडलिकेपलीकडच्या खाणीतला काळा दगड,
चुन्यात गूळ, बेलफळाचा गर, उडदाचं पाणी.
घाणी बैलांनी ओढली, टोपल्या बायांनी.
कमान मात्र त्यांची,
दोन तळवे टोकाशी टेकवावे तशी.
आणि तुळया म्हणे ब्रह्मदेशच्या सागाच्या,
मुंबईपर्यंत समुद्रानं, तिथून बैलगाडीनं.
मागच्या साली काका चाळीस गाड्या सांगत होते.
यंदा साठ.

छावणीतले साहेब संगमरवरात आहेत.
एक कॅप्टन, ताप.
एक बाई, बाळंतपण.
एक पोरगी, वय दोन वर्षं चार महिने, कॉलरा.
तिच्या पाटीवरचं कबुतर
कुणाकुणाच्या हातांनी झिजून चोच हरवून बसलंय.
पलटण गेली, बँड गेला, तबेल्यांची गोदामं झाली.
रविवारी बाकांवर बसतात ते टोपल्यावाल्यांचे पणतू,
पाटोळे, हिवाळे,
आणि हन्नाबाई साबळे, जिचा आवाज पेटीच्या आधीच निघतो.

परवा आढ्याजवळची ओळ उतरवत होतो.
मंगळुरी कौलाच्या पाठीवरचा शिक्का पुसता पुसता
हात तुळईच्या वरच्या अंगावर गेला.
खालून ते अंग कुणाला दिसत नाही.
वरच्याला दिसत असेल, आणि कौलवाल्याला.

खाचा होत्या. पटाशीनं मारलेल्या.
सात, मग आडवी रेघ. सात, मग आडवी रेघ.
अशा चार ओळी.
तीन पार टोकापर्यंत गेल्यात.
चौथी एक्केचाळीसवर थांबली,
तिला शेवटची आडवी रेघसुद्धा नाही.
पुढं नुसतं सागवान,
लांबच लांब, कोरं.

वरूनच हाक मारून विचारलं.
काका म्हणाले, हजेरी असंल.
म्हणाले, मजुरी बुडवली असंल, गडी उठून गेला असंल.
मग बराच वेळ झाडू हलला नाही.
मग म्हणाले, लई उंच हाय रे गफूर,
नीट धरून बस.

पंचांनी ठराव केलाय. पत्रे.
निळे, वानरांना भीक न घालणारे.
त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही.
असलं कौल आता मिळत नाही,
मिळालं तर चढणारा मिळत नाही,
माझा पोरगा पुण्यात एसी बसवतो.

शनिवारी पत्र्यांची गाडी येईल.
उतरवलेली कौलं मी कंपाउंडला टेकवून ठेवतोय.
एक काकांनी मागून घेतलं,
उलटं मांडून त्यात चिमण्यांना पाणी ठेवलं.
पाणी एका बाजूनं सांडतं, तरी ठेवतात.

आज माझा नववा दिवस.
मजुरी तीनच दिवसांची हातात आलीये.
उतरताना वाटलं,
चौथ्या ओळीखाली आपल्याही नऊ माराव्यात.
पटाशी खाली पिशवीत राहिली होती.
बोटानं धुळीतच ओढल्या.

सातानंतर आडवी रेघ द्यायला विसरलो नाही.